पानोपानी तेच ते : हेडर, फूटर आणि गूगलचं रँकिंग

चेंबूरमध्ये एसी दुरुस्त करणाऱ्या, घरसामान हलवणाऱ्या किंवा पेस्ट कंट्रोल करणाऱ्या एखाद्या छोट्या धंद्याची वेबसाइट उघडा आणि थेट तळाशी जा. बऱ्याचदा तिथे बारीक राखाडी अक्षरांत एक यादी दिसते: सायन, कुर्ला, टिळकनगर, गोवंडी, मानखुर्द, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, आणि उत्साह फारच असेल तर वाशी-नेरूळसुद्धा. प्रत्येक नावाला धंद्याचं नाव चिकटवलेलं. ही यादी कोणी वाचणार नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. ती गूगलसाठी लिहिलेली असते आणि फूटरमध्ये टाकल्यामुळे साइटच्या प्रत्येक पानावर उमटते.

हेडर, मेनू, साइडबार, फूटर हे भाग साइट बनवणारा एकदाच लिहितो आणि ते पानोपानी दिसतात. त्यांचा रँकिंगवर काय परिणाम होतो, याबद्दल धंद्यात दोन समजुती आहेत. फूटरमध्ये कीवर्ड भरले की प्रत्येक पान वर चढतं, ही पहिली. सगळ्या पानांवर तोच मजकूर दिसला की गूगल ‘डुप्लिकेट’ म्हणून दंड करतं, ही दुसरी. एसईओचं, म्हणजे साइट शोधनिकालांत वर आणून देण्याचं, पॅकेज विकणारे गरजेप्रमाणे दोन्ही सांगतात. दोन्ही चुकीच्या आहेत. मात्र त्या हवेतून आलेल्या नाहीत, त्यामागे पंचवीसेक वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचं एक महत्त्वाचं पान चेंबूरपासून फार लांब नसलेल्या पवईत लिहिलं गेलं.

1998 साली गूगलचे संस्थापक सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी पानाचं महत्त्व लिंकवरून ठरवणाऱ्या पेजरँकची कल्पना मांडली तेव्हा पान हा एक अखंड ठिपका होता आणि लिंक म्हणजे एका ठिपक्याने दुसऱ्याला दिलेलं मत. मत लेखाच्या मधोमध दिलंय की तळाच्या पट्टीत, याचा विचार मूळ सूत्रात नव्हता. पानावर दहा लिंक असतील तर प्रत्येकीला एकदशांश वाटा. तेव्हाची पानं साधी होती, त्यामुळे हे खपून गेलं. पण दोन-तीन वर्षांत साइटी टेम्प्लेटवर बनू लागल्या आणि एकाच पट्टीतल्या लिंक हजारो पानांवर उमटू लागल्या. म्हणजे हजारो मतं, पण देणारा एकच.

मे 2001 मध्ये हाँगकाँगला झालेल्या वर्ल्ड वाइड वेब परिषदेत पवईतल्या आयआयटी मुंबईच्या सौमेन चक्रवर्ती यांनी नेमका हाच मुद्दा मांडला. त्यांचं म्हणणं होतं की पानाला एक ठिपका धरणाऱ्या पद्धतींना बॅनर, नॅव्हिगेशनच्या पट्ट्या आणि टेम्प्लेटमधून येणारे तुकडे ओळखताच येत नाहीत, आणि पानं जसजशी गुंतागुंतीची होताहेत तसतसे या पद्धतींचे निकाल बिघडताहेत. उपाय असा की पान एचटीएमएलच्या टॅगांच्या झाडासारखं उलगडायचं, त्याचे एकसंध भाग वेगळे करायचे आणि मत त्या भागाचं धरायचं, अख्ख्या पानाचं नाही. 28 प्रश्न आणि 3,66,000 दस्तऐवजांवर त्यांनी ही पद्धत तपासली. त्याच वर्षी मुकुल जोशी आणि विवेक तावडे यांच्यासोबतचा त्यांचा पुढचा निबंधही आला, त्यात मजकूर, टॅग आणि लिंक या तिन्हींचा एकत्र विचार होता. आज चेंबूरच्या दुकानदाराला ‘फूटरमधली लिंक वेगळी मोजली जाते’ असं कोणी सांगितलं तर त्या वाक्याच्या पूर्वजांपैकी एक पवईचा आहे, हे सांगणाऱ्याला बहुधा माहीत नसतं.

पुढच्या वर्षी झिव बार-योसेफ आणि श्रीधर राजगोपालन यांनी टेम्प्लेट ओळखण्याची पद्धत मांडली. त्यांचा युक्तिवाद मला अजूनही सगळ्यात स्वच्छ वाटतो. सर्च इंजिन काही गृहीतकांवर चालतं: एका पानाचा विषय एक असतो, लिंक देणारा विषयाला धरून लिंक देतो, आणि एकमेकांजवळचा मजकूर एकमेकांशी संबंधित असतो. टेम्प्लेट या तिन्ही गृहीतकांना सुरुंग लावतं. शिक्षणावरच्या लेखाच्या बाजूला क्रिकेटची पट्टी असते आणि खाली ‘आमच्याशी संपर्क साधा’. त्यामुळे टेम्प्लेट आधी बाजूला काढलं की शोधाचे निकाल सुधारतात. 2003 मध्ये बीजिंगच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या मंडळींनी पान डोळ्यांना जसं दिसतं तसं त्याचे ठोकळे पाडायची पद्धत आणली. 2005 मध्ये डेव्हिड गिब्सन, कुणाल पुनेरा आणि अँड्र्यू टॉमकिन्स यांनी वेबवरचं टेम्प्लेट मोजलंच: एकूण मजकुराच्या 40 ते 50 टक्के भाग टेम्प्लेटचा आणि हे प्रमाण आधीच्या आठ वर्षांत दुप्पट झालेलं. निम्मं वेब पुनरुक्तीचं असेल तर पुनरुक्तीला दंड करणारं सर्च इंजिन निम्म्या वेबलाच दंड करेल. दुसरी समजूत इथेच निकालात निघते.

टेम्प्लेट ओळखायला फार हुशारी लागते असंही नाही. 2010 मध्ये ख्रिश्चन कोलश्युटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पानाच्या प्रत्येक तुकड्यात शब्द किती आणि त्यातले लिंकमध्ये अडकलेले किती, एवढ्या दोन गोष्टींवरून मेनू आणि लेख बऱ्यापैकी अचूक वेगळे करता येतात. लांब वाक्यं, कमी लिंक म्हणजे लेख. तुटक शब्द, जिकडेतिकडे लिंक म्हणजे पट्टी. वर सांगितलेली उपनगरांची यादी या चाळणीतून कुठल्या बाजूला पडेल हे वेगळं सांगायला नको. (मराठीत विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे तोच आशय इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. इंग्रजी पानांवरून ठरवलेला शब्दांचा उंबरठा मराठीला जसाच्या तसा लावला तर छोटे मराठी परिच्छेद पट्टीत जमा होण्याचा धोका राहतो. मराठीत लिहिणाऱ्यांनी सलग, पुरेसे लांब परिच्छेद लिहावेत याला हे एक जादा कारण.)

हे झाले अभ्यासकांचे निबंध. गूगल स्वतः काय करतं? गूगलच्या गॅरी इलिएस यांनी 2020 च्या अखेरीस कंपनीच्याच पॉडकास्टमध्ये सांगितलं की दोन पानं सारखी आहेत का हे ठरवताना नॅव्हिगेशन आणि फूटर आधी वगळले जातात आणि उरलेल्या मुख्य मजकुराचा ठसा काढला जातो. ठसा कसा काढतात याचा अंदाज गूगलच्याच 2007 च्या एका निबंधावरून येतो: प्रत्येक पानाचा 64 बिटांचा ठसा, आणि दोन ठशांत तीनपर्यंत बिटांचाच फरक असेल तर पानं जवळजवळ सारखी. 800 कोटी पानांच्या संग्रहासाठी हे मोजमाप योग्य ठरतं असं त्यात दाखवलं होतं. गूगलसाठी पानांचा दर्जा तपासणाऱ्या माणसांना जी मार्गदर्शिका दिली जाते, तीही पानाची मुख्य मजकूर, पूरक मजकूर आणि जाहिराती अशी विभागणी करायला सांगते.

फूटर वगळला जातो हे ऐकून खूश होण्याआधी त्याची दुसरी बाजू पाहावी. चेंबूरच्या एखाद्या क्लासची साइट घ्या. दहावी, अकरावी विज्ञान, बारावी वाणिज्य, सीईटी, नीट, प्रत्येकाचं वेगळं पान. प्रत्येक पानावर वर भलामोठा मेनू, बाजूला यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो, खाली पत्ता, नकाशा, चौकशीचा फॉर्म. मधोमध चार ओळी, आणि त्या चार ओळींत फक्त अभ्यासक्रमाचं नाव बदललेलं. टेम्प्लेट वजा केलं की या पानांत जवळपास काहीच उरत नाही. जे उरतं ते एकमेकांसारखं. गूगल त्यातलं एक ठेवतं आणि बाकीची बाजूला सारतं. ही शिक्षा नव्हे, पण क्लासवाल्याला ती शिक्षेसारखीच वाटते आणि तो दोष फूटरला देतो. दोष मधल्या रिकाम्या जागेचा आहे. ‘कुर्ल्यात एसी सर्व्हिस’, ‘गोवंडीत एसी सर्व्हिस’ अशी फक्त गावाचं नाव बदलून छापलेली पानं तर याच्याही पुढची. नुसती दारं म्हणून उभी केलेली अशी पानं गूगलच्या स्पॅम धोरणात नावानिशी बसतात आणि 2015 मध्ये त्यांच्यासाठी खास बदलही करण्यात आला.

फूटरमधल्या गावांच्या यादीबद्दल तर संदिग्धता अजिबात नाही. कीवर्ड कोंबण्याची उदाहरणं देताना गूगलच्या धोरणात शहरं आणि विभागांची नुसती यादी देणारे मजकुराचे ठोकळे असा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय स्थानिक शोधाचे निकष गूगलने जाहीर केलेले आहेत: सुसंगती, अंतर आणि प्रसिद्धी. चेंबूर नाक्यावरच्या दुकानाने तळाशी ‘मुलुंड’ लिहिल्याने मुलुंडच्या ग्राहकापासूनचं त्याचं अंतर कमी होत नाही. फूटरमध्ये खरा उपयोग होतो तो धंद्याचं नाव, पूर्ण पत्ता, 400071 हा पिन आणि फोन नंबर यांचा, आणि तेही गूगलवरच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये जसं आहे अगदी तसंच असेल तर.

आता लिंक. इथे गोष्ट जास्त रंजक आहे, कारण पट्टीतला मजकूर बाजूला काढला तरी पट्टीतल्या लिंक फेकल्या जात नाहीत. 2004 मध्ये अर्ज केलेलं आणि 2010 मध्ये मंजूर झालेलं गूगलचं एक पेटंट सांगतं की लिंकचं वजन ती दाबली जाण्याच्या शक्यतेवर ठरवता येतं: ती पानावर कुठे आहे, अक्षरं केवढी आहेत, यादीत आहे की वाक्यात. पेटंट असणं म्हणजे ते जसंच्या तसं वापरात असणं नव्हे. तरी दिशा उघड आहे. लेखाच्या ओघात आलेली लिंक आणि ‘अटी व शर्ती’च्या शेजारची लिंक या दोघींना सारखं तोलण्याचे दिवस गेले.

मग साइटच्या मेनूला किंमत किती? भरपूर, पण वेगळ्या कामासाठी. मेनू गूगलला पानांपर्यंत पोचवतो आणि साइटमध्ये कशाखाली काय येतं हे सांगतो. एकाही लिंकने न जोडलेलं पान गूगलला बऱ्याचदा सापडतच नाही. म्हणून मेनूत मोजकी, खऱ्या महत्त्वाची पानं ठेवावीत. माउस नेला की अख्खा पडदा व्यापणाऱ्या मेनूत दोनशे लिंक टाकल्या की सगळीच पानं सारख्या महत्त्वाची ठरतात, म्हणजे कुठलंच महत्त्वाचं राहत नाही. एका पानावर शंभरपेक्षा जास्त लिंक नकोत असा एक जुना नियम अजून सांगितला जातो. तो आला होता गूगल एका पानाचा साधारण 100 किलोबाइटच भाग वाचत असे त्या काळातून. ती मर्यादा केव्हाच गेली, नियम मात्र पॅकेजांच्या माहितीपत्रकांत टिकून आहे.

मेनूच्या बाबतीत आजची खरी चूक तांत्रिक आहे. गूगलसाठी पानं वाचत फिरणारा बॉट बटणं दाबत नाही. तो खऱ्या पत्त्याची लिंक वाचतो. जावास्क्रिप्टने क्लिक झाल्यावरच उघडणारा आणि साध्या लिंक नसलेला मेनू माणसाला दिसतो, बॉटला त्यातून रस्ता मिळत नाही. दुसरी चूक मोबाइलची. गूगलने 2016 मध्ये जाहीर केलेलं मोबाइल-आधी इंडेक्सिंग ऑक्टोबर 2023 मध्ये पूर्ण झाल्याचं सांगितलं. म्हणजे गूगल आता पानाचं मोबाइलवरचं रूपच वाचतं: डेस्कटॉपवर सुंदर साइडबार असेल आणि मोबाइलवर जागा नाही म्हणून तो काढून टाकला असेल, तर त्यातल्या लिंक गूगलच्या दृष्टीने नाहीतच. मोबाइलवर तीन आडव्या रेघांमागे झाकलेला मेनू चालतो, मजकूर घडीत झाकलेला असला तरी चालतो. काढून टाकलेला चालत नाही.

पानोपानी तेच असणारे भाग आणि पानोपानी दिसूनही आतून बदलणारे भाग, हा फरक मला या सगळ्यात सर्वांत कामाचा वाटतो. 1 मे 2003 पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियाचं उदाहरण घ्या. बाजूच्या पट्टीतले ‘मुखपृष्ठ’, ‘अलीकडील बदल’ हे दुवे लेखागणिक तेच. त्यांनी लेखांचं काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही. पण मुंबईच्या उपनगरी स्थानकांच्या लेखांवर असतो तसा आधीचं-पुढचं स्थानक दाखवणारा साचा पाहा. साचा एकच, पण चेंबूरच्या पानावर त्यात एका बाजूला टिळकनगर येतं आणि दुसऱ्या बाजूला गोवंडी. ही लिंक विषयाला धरून आहे आणि वाचक ती दाबण्याची शक्यताही खरी आहे. ‘मुखपृष्ठ, सेवा, एसी दुरुस्ती’ अशी पानाच्या वर चालणारी वाट किंवा लेखाखाली येणाऱ्या खरोखर संबंधित लेखांची यादी याच जातीतली. गूगलने जानेवारी 2025 मध्ये मोबाइलवरच्या निकालांत ही वाट दाखवणं बंद केलं. तरी पानावर तिचं काम तसंच आहे.

दुसऱ्यांच्या साइटींवरच्या फूटरमध्ये आपली लिंक असणं हा वेगळाच प्रकार, आणि तो चेंबूरच्या छोट्या वेब डिझायनरांना थेट लागू होतो. साइट बनवून दिली की तळाशी ‘डिझाइन्ड बाय’ लिहून आपल्या साइटची लिंक ठेवायची ही जुनी रीत. श्रेय घेण्यात गैर काही नाही. पण त्या लिंकवर नावाऐवजी ‘मुंबईतील सर्वोत्तम वेब डिझाइन कंपनी’ असं लिहिलं की रीत बिघडते. विविध साइटींच्या फूटरमध्ये किंवा टेम्प्लेटमध्ये मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या लिंक गूगलच्या धोरणात लिंक स्पॅमची उदाहरणं म्हणून दिल्या आहेत. एप्रिल 2012 मध्ये गूगलने रँकिंगमध्ये केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलाने अशा लिंकवर वर आलेल्या साइटींना खाली खेचलं. सप्टेंबर 2016 पासून पेंग्विन गूगलच्या मुख्य व्यवस्थेचाच भाग झाला आणि अशा लिंकचं वजन बहुतेकदा शून्य धरलं जाऊ लागलं. श्रेय हवं असेल तर फक्त नाव लिहावं आणि लिंकला ‘नोफॉलो’, म्हणजे हे मत धरू नये अशी खूण, लावावं. डिझायनरला ग्राहक मिळतात ते त्या नावावरून एखाद्या दुकानदाराने फोन केल्यामुळे, गूगलच्या मतांमुळे नव्हे.

पानाच्या शीर्षकाबद्दल थोडक्यात. टेम्प्लेटमधून प्रत्येक पानाच्या शीर्षकात तेच लांबलचक वाक्य जोडलं तर गूगल ते बदलून स्वतःला योग्य वाटेल ते दाखवतं. ऑगस्ट 2021 पासून हे जास्त ठळकपणे होतं. शीर्षकात आधी पानाचा विषय, शेवटी साइटचं छोटं नाव. बाकी काही लागत नाही.

वेग हा मात्र टेम्प्लेटचाच प्रांत आहे, कारण साइट जड होते ती याच भागांनी: वरचा सरकता फोटो, चॅटचं गोल बटण, तीन कंपन्यांचे मोजणी-कोड, फॉन्ट. गूगलचे 2021 मध्ये रँकिंगमध्ये आलेले निकष असे: मुख्य भाग 2.5 सेकंदांत दिसावा, पान उघडताना मजकूर उड्या मारू नये (हा आकडा 0.1 च्या आत), आणि मार्च 2024 पासून, दाबल्यावर 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा. देवनागरी फॉन्ट इथे खास लक्ष मागतात. जोडाक्षरांसाठी त्यांत जादा आकृत्या असतात, त्यामुळे फाइल मोठी होते. मुंबईच्याच एक टाइपने केलेला मुक्त ‘मुक्ता’ फॉन्ट अनेक मराठी साइटींवर असतो. चांगला फॉन्ट आहे, पण त्याची सातही वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) पानोपानी उतरवायला लावली तर आधी मोबाइलचा फॉन्ट दिसतो, मग मुक्ता येतो आणि अख्खा परिच्छेद खाली सरकतो. दोन वजनं पुरतात. टेम्प्लेटचा एक फायदा इथे सांगायला हवा: एकदा उतरवलेला फॉन्ट दुसऱ्या पानाला पुन्हा उतरवावा लागत नाही. मात्र गूगलवरून येणारा वाचक बहुधा एकच पान बघून जातो, त्यामुळे पहिल्या पानाचा वेगच मोजायचा. या निकषांचं वजन मजकुराच्या सुसंगतीपेक्षा बरंच कमी आहे, हेही खरं. वेगाच्या चाचणीत शंभरपैकी शंभर गुण मिळवण्याच्या हव्यासापायी महिनाभर झगडू नये.

मराठी साइटींची आणखी एक खोड: मेनू सगळा इंग्रजीत, लेख मराठीत. गूगल पानाची भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं, कोडमधल्या भाषेच्या खुणेवरून नाही, आणि मजकूर व नॅव्हिगेशन एकाच भाषेत ठेवा असं सांगतं. लांब लेखाला इंग्रजी मेनूने फरक पडत नाही. पण एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमाचं दोन ओळींचं पान असेल तर मेनूतली इंग्रजी भारी पडते. हेडरमध्ये भाषा बदलण्याचं बटण ठेवताना दोन्ही भाषांची पानं वेगवेगळ्या पत्त्यांवर असावीत. बटण दाबल्यावर जागच्या जागी मजकूर बदलत असेल तर तो मराठी मजकूर बॉट कधी पाहणारच नाही.

एकसारखं टेम्प्लेट अनेक साइटींना चालतं का, या शंकेचं उत्तर सरकारी साइटींनीच दिलं आहे. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या ‘एस3वास’ या व्यवस्थेवर मुंबई उपनगरसह अनेक जिल्ह्यांच्या साइटी उभ्या आहेत. वरची पट्टी, अक्षर लहान-मोठं करायची सोय, भाषेचं बटण, तळाचा भाग, सगळं सारखं. तरी प्रत्येक जिल्ह्याचं पान त्या जिल्ह्याच्या शोधात सापडतं, कारण मधला मजकूर त्याचा स्वतःचा आहे. वर्डप्रेसची तयार थीम घेणाऱ्यांनी म्हणूनच घाबरायचं कारण नाही.

चेंबूरच्या दुकानदारांना, क्लासवाल्यांना आणि डॉक्टरांना एकच सांगणं. साइट बनवून घेताना फूटरमध्ये नाव, पत्ता, वेळ आणि फोन एवढंच ठेवायला सांगा. उपनगरांची यादी असेल तर ती आजच काढून टाका. आणि फूटरमध्ये कीवर्ड भरण्याचे वेगळे पैसे मागणाऱ्या पॅकेजला नाही म्हणा. तेच पैसे देऊन प्रत्येक सेवेच्या पानावर तुमच्या कामाबद्दलचे तीन-चार खरे परिच्छेद लिहून घ्या.